रुक्माक्कांची पगारी टीम

रुक्माक्का कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा विचारत नसत. कॉफी घेणार का, हे एकदा. भिडेपोटी तुम्ही नको म्हणालात, तर तुमच्यासमोर बसून त्या आपली कॉफी सावकाश संपवत. भाजीचा भाव एकदा. राजाजीनगरच्या मुलींच्या शाळेत त्या पी.टी. शिकवत, तिथल्या हेडमिस्ट्रेसबाईंनाही त्यांनी एकदाच विचारलं होतं, मुलींसाठी फुटबॉल सुरू करू का? बाई म्हणाल्या, "नोडोणा." कानडीत नोडोणा म्हणजे बघू या. आमच्या बेंगलोरात या एका शब्दावर कचेरीतल्या फायलींपासून लग्नाच्या बोलण्यांपर्यंत काहीही वर्षानुवर्षं लोंबकळत राहू शकतं. रुक्माक्कांनी ते शाळेचं वर्ष संपेपर्यंत वाट पाहिली आणि नोकरी सोडली. निरोपाच्या चहाला त्यांनी केलेलं भाषण एका ओळीचं होतं. "तुमचं नोडोणा चालू दे, मी माडोणा म्हणते." बघू या तुम्ही म्हणा, मी करू या म्हणते.

त्यांच्या या दुसऱ्यांदा न विचारण्याचा मी एकदा फायदा घेतला. त्याचं ओझं एका तिसऱ्याच माणसाच्या डोक्यावर गेलं. आता रुक्माक्का नाहीत आणि तो माणूसही नाही. दोघं गेल्यावर मला लिहायचा धीर होतो आहे, यावरून माझी जी काय पारख करायची ती खुशाल करावी. पण आधी त्या कशा होत्या ते सांगतो. माझं त्याच्या जागी येईलच.

आम्ही चामराजपेटेतली जुनी मराठी माणसं. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलो आणि राहिलो. आमच्या मराठीत स्वल्प म्हणजे जरा, सरी म्हणजे ठीक, असे कानडी शब्द इतके मुरलेत की पुण्याहून आलेला पाहुणा पहिला दिवसभर आमच्या तोंडाकडेच बघत राहतो. रुक्माक्का आमच्या गल्लीतल्या. चाळिशी ओलांडलेली, लग्न केलेलं नाही, उंच, सुती साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. त्या बुटांना त्या रोज सकाळी खडू फासत. चालायच्या रस्त्याच्या मधून. मागून ऑटोने हॉर्न दिला की वळून न बघता हात वर करत, "स्वल्प थांब रे." आणि ऑटो थांबे. तोंडात कायम लवंग. चिडल्या की ती लवंग चावल्याचा कटकन आवाज येई, आणि मैदानावरच्या मुलींना तो शिट्टीहून जास्त कळे.

त्यांना काय हवं होतं ते त्यांनी कधी लपवलं नाही. मुलींचा फुटबॉल संघ, आणि तोही पगारी. महिन्याच्या महिन्याला पगार. "खेळ म्हटलं की बाप म्हणतो, पुरे झालं, घरी ये," असं त्या म्हणत. "नोकरी म्हटलं की तोच बाप डबा भरून देतो. मला एक वर्ष पाहिजे. एक वर्ष यांना पगार मिळू दे, मग कोण घरी बसवतो बघते मी." पहिले काही महिने तो पगार त्यांनी आपल्या नोकरीच्या फंडातून दिला. त्याबद्दल कुणी कौतुकाने बोलायला लागलं की त्या उठून जात.

मुली कुठून कुठून आणल्या होत्या. राजाजीनगरातून त्यांच्या शाळेत शिकलेल्या, चामराजपेटेतल्या आमच्या दोघी-तिघी, आणि शिवाजीनगरातल्या बऱ्याच. शिवाजीनगरात पोरांचं फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्यांचं, पण मुलींनी ते गच्चीवरून बघायचं. तिथे मोटार-पंप दुरुस्त करणारे गफूरभाई होते. त्यांची नसरीन गल्लीत भावांबरोबर खेळायची आणि भावांना मागे टाकायची. तिला मागायला रुक्माक्का गेल्या, तेव्हा बरोबर मी होतो. मी एका कारखान्यात कारकून, शिवाय आमच्या मराठी मंडळाचा जॉइंट सेक्रेटरी. हिशेबाला आणि ओझं उचलायला त्या मला हाताशी धरत.

गफूरभाई तांब्याची तार गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "मिस, बच्ची को घर में काम रहता ना."

"काम ही तो दे रही हूँ, भाई. पगार का काम."

"खेलने का पगार? कौन देता जी?"

"मैं देती. मेरा खतम हुआ तो दूसरा देगा."

"दूसरा कौन?"

"अभी मालूम नहीं."

गफूरभाई हसले. तार ठेवली, चहा मागवला. तेवढ्यात नसरीन पडद्याआडून डोकावली, आणि रुक्माक्का खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आइए, नसरीनजी. आपसे ही बात करनी है." सतरा वर्षांच्या मुलीसाठी उठून उभ्या. ही त्यांची रीत होती. शाळेत मुलींना 'ए म्हशी' म्हणून हाक मारणाऱ्या बाईने पगार सुरू झाल्या दिवसापासून त्याच मुलींना अहो-जाहो सुरू केलं होतं. नोकरी करणाऱ्या बाईला कुणी अरेतुरे करतं का, हा त्यांचा सवाल. मैदानात "अहो जयलक्ष्मी, डोळे काय घरी ठेवून आलात का?" असं ऐकलं की बघणारे हसत. मुली मात्र ताठ होत. गफूरभाईंनी मुलीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. "हमारे घर में किसी को आप नहीं बोलते जी," ते म्हणाले. "ठीक है. देखते." आणि दुसऱ्या दिवशी नसरीन मैदानावर आली.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष नाना. चामराजपेटेत त्यांचं शिंपीकामाचं दुकान, वय सत्तरीला आलेलं, तरुणपणी स्वतः फुटबॉल खेळलेले. लहानपणी रुक्माक्का पोरांत खेळायला आल्या आणि पोरांनी हाकललं, तेव्हा नानांनीच "माझ्याकडून खेळेल ती" म्हणून त्यांना घेतलं होतं, असं जुनी माणसं सांगत. टीमचं सामान ठेवायला जागा नव्हती. नानांनी मंडळाच्या हॉलची मागची खोली उघडून दिली. "कुणी विचारलं तर माझं नाव सांग," म्हणाले. रुक्माक्का त्यांना एकट्यांनाच वाकून नमस्कार करत.

गणपतीत मंडळाच्या सभेत रुक्माक्कांनी जाहीर केलं की नवरात्रात गोव्याच्या मुलींशी मॅच आहे, सगळ्यांनी यायचं. सभेला कॉम्प्युटर कंपन्यांत लागलेली पुण्या-मुंबईची नवी मंडळीही असत. त्यांतला एकजण अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, नो ऑफेन्स हं, पण बेंगलोर आणि विमेन्स फुटबॉल? कॅलकटा म्हणा, मणिपूर म्हणा, गोवा म्हणा, तिथे कल्चर आहे. इथे कोण बघणार?"

"तुम्ही कधी आलात बेंगलोरला?"

"दोन वर्षं होतील."

"इथे कोण येणार असं पुण्यात तुम्हाला कुणी म्हणालं नाही?"

तो हसला. "आई म्हणाली होती."

"मग आलात ना? तसेच तिथेही या. आईंनाही आणा."

नाना पुढच्या रांगेत मांडीवर थाप मारून हसले होते. मला ते अजून दिसतात.

फंड संपत आला, तेव्हा मी रुक्माक्कांना आमच्या मालकांकडे नेलं. राजाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पंख्याचे भाग करण्याचा कारखाना. मालक चन्नप्पा, जाड भिंगांचा चष्मा, कमी बोलणारे. कानडीत बोलणं झालं, मी मराठीत सांगतो.

"मिस, मला फुटबॉल कळत नाही," चन्नप्पा म्हणाले. "कोण जिंकलं, कोण हरलं, मला सारखंच. मला माझी माणसं कळतात. आयुधपूजेला सकाळी मशिनांची पूजा होते, मिठाईचा डबा हातात पडतो, की माणूस गेटकडे पळतो. त्या दिवशी मी स्वतः भाषण केलं तरी कुणी थांबत नाही. तर त्या दिवशी दुपारी ठेवा तुमची मॅच. लॉरी भरून माणसं मी आणतो. ती शेवटच्या शिट्टीपर्यंत बसली, तर वर्षाचा पगार माझा. उठून गेली, तर तुम्हाला नमस्कार."

"मिठाईचे डबे त्यांच्या हातात असतील?"

"असतील."

"सरी," रुक्माक्का म्हणाल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "हुशार माणूस आहे. जिंकून दाखवा म्हणाला असता तर सोपं होतं."

म्हणजे सगळं त्या दुपारवर आलं. आयुधपूजा म्हणजे आपली खंडेनवमी. गोव्याच्या मुली जिंकल्या तरी चालणार होतं, लोक उठता कामा नव्हते.

त्या नवरात्रात रुक्माक्कांकडे गोंबे मांडले होते. इकडे घरोघर पायऱ्या करून बाहुल्या मांडतात, आम्हा मराठ्यांच्या घरीही ते कधीच रुजलं. वर लाकडी राजा-राणी, खाली देव, त्याखाली लग्नाची वरात, आणि सगळ्यांत खाली वाणसामान पुढ्यात मांडून बसलेला शेट्टी नि त्याची बायको. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या, तर पायऱ्या रिकाम्या आणि सगळ्या बाहुल्या जमिनीवर पसरलेल्या. त्यांच्याभोवती टीमच्या मुली उकिडव्या बसलेल्या.

"गोलात हा शेट्टी," रुक्माक्का समजावत होत्या. "दुकान सोडून कुठे जात नाही, गिऱ्हाईकाला आत येऊ देत नाही. अहो फिलोमिना, तुम्ही शेट्टी. राजा-राणी मधे. त्यांनी पळायचं कमी, सगळ्यांना पुरवायचं जास्त. कडेने हा वाजंत्रीवाला. नसरीन, हे तुम्ही. सगळ्यांच्या पुढे पळायचं आणि आवाज करायचा."

"मिस, शेट्टीची बायको कुठे?" फिलोमिनाने विचारलं.

"ती रेफ्री. सगळं तिलाच दिसतं."

हळदीकुंकवाच्या बायका हसत खाली बसल्या आणि कोण कुठे उभं राहायचं यात त्यांनीही मत द्यायला सुरुवात केली. एका काकूंनी राणीला पुढे काढायचा आग्रह धरला. रुक्माक्कांनी काढून पाहिली, पुन्हा मागे ठेवली. "काकू, राणी पुढे गेली की राजा झोपतो."

आता माझं.

त्या वर्षी मंडळाच्या खंडेनवमीची पूजा करायचा मान मला मिळाला होता. पहिल्यांदाच. माझी बायको तेव्हा गरोदर होती, दिवस भरत आलेले. पहिलं मूल हाती लागलं नव्हतं, त्यामुळे घरात सगळे श्वास धरून होते. आई निघताना म्हणाली, "पूजा नीट कर. मांडलेली हलवू नकोस. करणाऱ्याच्या घरावर येतं." आमच्या मंडळात रीत अशी, की पूजेत मांडलेल्या आयुधाला दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत हात लावायचा नाही. हॉलला कुलूप लागतं.

रुक्माक्कांनी आदल्या संध्याकाळी मला सांगितलं होतं. "मुकुंदा, पूजेत एक बॉल ठेव आणि बुटांची एक जोडी. बाकी मागच्या खोलीत राहू दे, दुपारी लागणार." मी हो म्हणालो होतो. सकाळी मागची खोली उघडली तर मुलींनी सगळे बूट घासूनपुसून ओळीने ठेवलेले. नानांच्या मोठ्या कात्र्या, मंडळाची पेटी, गल्लीतल्या सुताराचे रंधे, हे सगळं मांडून झालं होतं, आणि त्याच्यासमोर ती एकच जोडी फार केविलवाणी दिसायला लागली. मी आणखी एक जोडी आणली. मग आणखी. प्रत्येक बुटाला कुंकू, प्रत्येकावर पिवळी शेवंती. शेवटी सगळेच्या सगळे बूट मांडले. इतकी देखणी पूजा मंडळात कधी झाली नसेल. दुपारचं माझ्या डोक्यात नव्हतं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. होतं. कुणीतरी येईल, काहीतरी होईल, असं म्हणून मी ते बाजूला सारलं. आरती झाली, प्रसाद झाला, लोक गेले. मी कुलूप लावलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली.

मी पायरीवर उभा असतानाच रुक्माक्का आल्या. खिडकीच्या गजांतून त्यांनी आत पाहिलं.

"सगळे मांडलेस?"

"शोभा दिसली म्हणून..."

"दिसते आहे. छान दिसते आहे. उघड आता."

आईचं बोलणं माझ्या कानात होतं. बायकोचा चेहरा डोळ्यांपुढे होता. नाही म्हणायची हिंमत नव्हती आणि उघडायचीही नव्हती. अशा वेळी माझ्यासारखा माणूस जे करतो ते मी केलं. दुसऱ्याच्या आड उभा राहिलो.

"किल्ली नाना घेऊन गेले," मी म्हणालो. "उद्यापर्यंत उघडायचं नाही म्हणाले."

लवंग चावल्याचा आवाज आला.

"नाना असं म्हणाले?"

"हो."

नानांचं घर पुढच्या कोपऱ्यावर होतं. खोकला आला तर इथपर्यंत ऐकू येईल इतकं जवळ. त्या चार पावलं चालल्या असत्या तर नानांनी चपलासुद्धा न घालता येऊन ते कुलूप फोडलं असतं. पण रुक्माक्कांनी कोपऱ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "सरी. चल, तूपण चल. उचलायला माणूस लागेल."

आम्ही ऑटो केला. त्याला केळीचे खांब बांधलेले, काचेवर गंध, हार. नुकतीच पूजा झाली होती आणि चाकाखाली लिंबू फोडून तो निघाला होता. रुक्माक्का म्हणाल्या, "हा पूजा झाली तरी धावतोय. आमच्याच बुटांना काय झालंय, सांग मला." हे त्यांनी विचारलं नव्हतं. बाहेर बघत स्वतःशी म्हणाल्या. मी खिशावर हात धरून बसलो होतो.

शिवाजीनगरात गफूरभाईंच्या गल्लीत नेहमीसारखी दुकानं उघडी होती. रुक्माक्कांनी गफूरभाईंना काय झालं ते सांगितलं. नानांचं नाव घेतलं नाही. 'पूजेत अडकलेत' एवढंच म्हणाल्या. गफूरभाईंनी पंप अर्धा उघडा टाकला, दुकानाच्या दारात उभे राहिले आणि गल्लीतल्या पोरांना नावानिशी हाका मारायला लागले. "अरे, किसके पास स्टडवाले जूते हैं? लाओ. मेरी बच्ची की नौकरी का सवाल है." खेळाचा नव्हे, नोकरीचा. रुक्माक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि भुवई उंचावली. त्या दिवशी मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलेला हा एकच आनंद, आणि तोही मला नीट घेता आला नाही.

पोरांनी बूट आणून दिले. कुणी देताना "फाटले तर?" म्हणालं, तेव्हा गफूरभाई म्हणाले, "तो तेरे पाँव बढ़ गए समझ." सगळे बूट मोठे. दोन पोती भरून मी ते उचलले.

मैदानावर लॉऱ्या लागल्या होत्या. चन्नप्पांची माणसं मिठाईचे डबे मांडीवर घेऊन बसली होती, बरीचशी अर्धवट उठूनच. आमच्या मुली उतरल्या आणि हशा पिकला. बुटांत चिंध्या कोंबलेल्या, नाड्या घोट्याभोवती दोन-दोनदा गुंडाळलेल्या, चालताना फटक-फटक आवाज. एकजण ओरडला, "मिस, वडलांचे बूट घालून आल्या काय!" माणसं हसत होती म्हणजे बसली होती, पण हसून झालं की उठणार, हे सगळ्यांना कळत होतं. चन्नप्पा खुर्चीत मैदानाकडे पाठ करून बसले होते. त्यांना खेळ बघायचाच नव्हता, लोकांकडे लक्ष ठेवायचं होतं.

गोव्याच्या मुली फारच चांगल्या होत्या. त्यांनी लवकरच गोल केला. त्यानंतर काही माणसं उठली, डबे घेऊन लॉरीकडे चालायला लागली. रुक्माक्का हाताची घडी घालून कडेला उभ्या होत्या.

मग कडेने नसरीनला बॉल मिळाला आणि ती सुटली. दोन पावलांत तिचा डावा बूट निघाला. ती थांबली नाही. वाकून तिने तो पळतापळताच उचलला आणि एका हातात बूट, एका पायात मोजा अशी ती कडेकडेने पळत सुटली. गोव्याची एक मुलगी मागे पडली. दुसरी आडवी आली, तिलाही तिने वळसा घातला. लॉरीकडे गेलेली माणसं वळली. कुणीतरी "ओडु, ओडु!" म्हणून ओरडलं, पळ, पळ, आणि मग सगळी बाजू उभी राहिली. शेवटी तिने मारलेला बॉल खांबाला लागून बाहेर गेला. नसरीन गोललाइनवर बसली, बूट पायात घातला, नाडी बांधली. लोक वाट बघत होते. नाडी बांधेपर्यंत कुणी बसलं नाही.

त्यानंतर कुणी उठून गेलं नाही. आम्हाला गोल मिळाला नाही. प्रत्येक वेळी कुणाचा बूट निघाला की मैदानभर आवाज व्हायचा, पण आता तो हसण्याचा नव्हता. शेवटची शिट्टी झाली तेव्हा आम्ही एका गोलाने हरलो होतो, आणि मिठाईचे डबे लोकांच्या पायाखाली चेपले गेले होते. चन्नप्पा उठले, रुक्माक्कांपाशी आले. म्हणाले, "मिस, बोनस किती ते सांगत असतो तेव्हासुद्धा ही माणसं एवढी थांबत नाहीत. पगार माझा."

"पहिल्या तारखेला," रुक्माक्का म्हणाल्या.

"पहिल्या तारखेला."

मुलींनी गलका केला. त्या गर्दीतून नाना काठी टेकत येत होते, डोळे भरलेले, दोन्ही हात पुढे. "रुक्मे," एवढंच म्हणाले. रुक्माक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या शेजारून निघून गेल्या. नानांचे हात तसेच राहिले. मला म्हणाले, "दमली असेल, नाही?"

"हो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाल्यावर रुक्माक्का आल्या, बूट पोत्यात भरले, मागची खोली रिकामी केली. टीमचं सामान गफूरभाईंच्या दुकानामागे गेलं. त्या मंडळाच्या हॉलमध्ये पुन्हा आल्या नाहीत, नानांच्या घरीही नाही. नाना मानी माणूस, ते विचारायला गेले नाहीत. मला एकदा म्हणाले, "माझं काय चुकलं ते जरा काढ की तिच्याकडून." मी काढतो म्हणालो. त्या महिन्यात मला मुलगी झाली, सुखरूप. पूजा मोडली नाही म्हणून झाली, असं आई सगळ्यांना सांगे. मी मान डोलवत असे.

तो पगार वर्षभर चालला, पुढेही चालला. टीमचं नाव झालं. दुसऱ्या शहरांतले लोक विचारायला लागले, बेंगलोरच्या त्या पगारी मुली कुठल्या. मुलींच्या घरून डबे येऊ लागले, अगदी रुक्माक्का म्हणाल्या होत्या तसे. आणि मग कलकत्त्याच्या स्पर्धेचं बोलावणं आलं. रेल्वेचं रिझर्वेशन, नव्या जर्सी, सगळ्या गल्लीतून टीमला निरोप.

त्याच वेळी मी कारखान्याच्या नव्या शाखेत हुबळीला बदली घेतली होती, म्हणून माझ्यासाठी तोच रुक्माक्कांचाही निरोप होता. नंतर त्यांच्याबद्दल ऐकत राहिलो, पण त्या पुन्हा दिसल्या नाहीत. स्टेशनवर जाताना मी ठरवलं होतं, आज सांगायचं. प्लॅटफॉर्मवर गफूरभाई नसरीनला उशी देत होते, फिलोमिनाची आई रडत होती, रुक्माक्का डब्याच्या दारात उभ्या राहून सगळ्यांना आत ढकलत होत्या. "अहो जयलक्ष्मी, सामान आधी, मग रडा."

कुणीतरी शर्टाची बाही ओढली. नाना होते. खांबाआड, काठीवर टेकलेले, हातात गोल डबा. कोडबळे, म्हणजे आपली कडबोळी, घरी तळलेले.

"तू दे," म्हणाले. "माझ्या हातून घेणार नाही ती."

मी डबा घेतला. त्या क्षणी चार वाक्यांत सगळं सांगता आलं असतं. दोघं तिथेच होते, मधे मी. मी दारापाशी गेलो आणि डबा वर केला.

"काय रे हे?"

"कोडबळे."

"तुझ्या घरचे ना? मग दे." त्यांनी झाकण उघडून एक तोंडात टाकला, एक माझ्या हातावर ठेवला, आणि डबा आत मुलींकडे दिला. "सगळ्यांनी घ्या. मुकुंदाच्या घरचे आहेत." गाडी हलली. रुक्माक्का दारात उभ्याच होत्या, खाता खाता हात हलवत, आणि मी त्या वळणाआड जाईपर्यंत बघत राहिलो.

मागे वळलो तर नाना खांबापाशी तसेच उभे होते. त्यांना इतक्या लांबचं दिसत नसे.

"खाल्लं का रे तिने?"

"खाल्लं," मी म्हणालो.